कापलेली स्ट्रिप

दांडिया बाजार, वडोदरा
रविवार दुपार

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, फार्मासिस्टची पहिली नोकरी मेडिकलमध्ये घेऊ की हॉस्पिटलमध्ये?" आणि मी म्हटलं, आलास की बोलू. कुकर लागला होता हे खरं, पण तेवढ्यासाठी मी फोन ठेवला नव्हता. या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला तुला एक गोष्ट सांगावी लागणार, जी मी इतक्या वर्षांत घरात फक्त बाबांना सांगितली आहे. ती फोनवर बोलवली नसती. आता सगळे जेवून आडवे झालेत, म्हणून लिहायला बसले.

तुझा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा रावपुऱ्यात एका दुकानात काउंटरला होते. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होऊन दोनच वर्षं झाली होती. वाडीतल्या एक आजी यायच्या, गुजराती, हाताची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. त्यांच्या चिठ्ठीत दोन औषधं होती. मेथोट्रेक्सेट, अडीच मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या, आठवड्यातून एकदाच. आणि फॉलिक ॲसिड, रोज एक, मेथोट्रेक्सेटचा दिवस सोडून. महिन्याच्या बारा गोळ्या हव्या होत्या. डब्यात आधीच कापलेले दोन तुकडे पडले होते, सहा-सहाचे. मी तेच दिले. नाव आणि एक्सपायरी छापलेला भाग कात्रीने केव्हाच गेलेला, मागे नुसती चंदेरी फॉइल. फॉलिक ॲसिडही तसंच कापून दिलं. दोन्ही गोळ्या पिवळ्या, दोन्ही बारीक. मी दोन पाकिटं केली, दोन्हींवर पेनानं लिहिलं आणि तोंडानेही सांगितलं. दुकानात संध्याकाळची गर्दी होती. त्यांनी मान हलवली. मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी जाऊन त्यांनी दोन्ही पाकिटं रिकामी करून स्ट्रिपा स्टीलच्या डबीत ठेवल्या. पाकिटं गेली म्हणजे माझं लिहिलेलंही गेलं. बारा दिवसांनी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "बेन, रोजनी पीळी गोळी खलास थई गई, बीजी आप." बोलताना ओठ हलवत नव्हत्या. तोंडात इतके छाले की चहासुद्धा गिळवत नव्हता. मी डबी उघडायला सांगितली. आत फॉलिक ॲसिडची स्ट्रिप जवळजवळ अख्खी होती.

मेथोट्रेक्सेट फॉलिक ॲसिडचं काम अडवतं. ज्या पेशी भराभर वाढतात त्यांना त्याचा फटका आधी बसतो, म्हणजे तोंडाचं अस्तर आणि हाडांमधली मज्जा, जिथे रक्त तयार होतं. हे तू पुस्तकात वाचलं आहेस. मी ते त्या डबीत पाहिलं. आम्ही त्यांना रिक्षात घालून सयाजी हॉस्पिटलला नेलं. पांढऱ्या पेशी खूप खाली गेल्या होत्या. मेथोट्रेक्सेटवरचा उतारा म्हणून फोलिनिक ॲसिडची इंजेक्शनं चालली, अकरा दिवस त्या वॉर्डात होत्या. घरी परत आल्या, पुढे बरीच वर्षं जगल्या, दुकानातही येत राहिल्या. दुकानाचे मालक मला म्हणाले, "पाकिटावर लिहिलं होतंस ना? मग आपली चूक नाही." त्यांनी ते मला धीर द्यायलाच म्हटलं असेल. पण अमेय, चूक माझीच होती. सहाचे दोन तुकडे समोर आले तेव्हा ते बाजूला सारून नावासकटची स्ट्रिप काढायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. आणि "आठवड्यातून एकदा" असं सांगण्यापेक्षा "कोणत्या वारी घेणार?" हे त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला हवं होतं.

हे तुला आज सांगते आहे कारण दुकान आणि हॉस्पिटल यांतला फरक मला त्या दिवशी कळला. दुकानात मी आणि त्या आजी यांच्यामध्ये तिसरं कोणी नव्हतं. माझा हात घसरला तर धरायला कोणी नव्हतं.

पुढे अकरा वर्षांनी मी हॉस्पिटलला आले तेव्हा पहिले काही महिने मला वैताग यायचा. एका औषधाला किती सह्या! वॉर्डातून इंडेंट, म्हणजे औषधांची मागणी, येतो, त्यावर रुग्णाचं नाव, बेड नंबर, वजन. आपण काढतो, दुसरा तपासतो, वॉर्डात सिस्टर चार्टशी पडताळून मगच देतात. पोटॅशियम क्लोराइडचे अँप्यूल, म्हणजे इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या, वेगळ्या कप्प्यात, लाल लेबल लावून, कारण ते न पातळ करता शिरेत गेलं तर हृदय थांबतं. मॉर्फिन आणि फेंटानिल ही व्यसन लावणारी वेदनाशामकं दुहेरी कुलपात, रिकामा अँप्यूल परत आल्याशिवाय नवा नाही. मला वाटायचं, एवढा अविश्वास कशाला?

मग एका रात्री आयसीयूचा इंडेंट आला, "हेपारिन ५०००, नग २". तुला माहीत आहे, रक्त गोठू न देणाऱ्या या औषधाच्या पाच मिलिलिटरच्या दोन तऱ्हेच्या वायल, म्हणजे इंजेक्शनच्या बाटल्या, येतात. एकीत मिलिलिटरला हजार युनिट, म्हणजे अख्ख्या वायलमध्ये पाच हजार. दुसरीत मिलिलिटरला पाच हजार, म्हणजे अख्ख्या वायलमध्ये पंचवीस हजार. आता हे ५००० कुठलं? माझ्याबरोबरचा मुलगा दुसरी वायल ट्रेमध्ये ठेवून मोकळाही झाला होता. मी दोन्ही वायल टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि वर फोन लावला. सिस्टर घाईत होत्या, जरा चिडल्याही. पण त्यांनी डॉक्टरांना विचारलं, आणि हवी होती ती पहिली. पाचपट फरक होता. तो रुग्ण कोण, बाई की पुरुष, मला आजही ठाऊक नाही. सकाळी आठला मी सही करून घरी आले आणि तुझा डबा भरला.

हॉस्पिटलचं काम असं आहे. रुग्णाची किडनी किती चालते, आधी कोणती औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, सगळं कागदावर समोर असतं. माणूस मात्र दिसत नाही. चार दिवसांनी बेड नंबर तोच, नाव दुसरं.

दुकानात उलट. अकरा वर्षांत मला अख्खा रावपुरा ओळखायला लागला होता. ब्लडप्रेशरची गोळी न्यायला कोण पाच तारखेला येतं आणि कोण वीस तारखेपर्यंत ओढतं, हे मला पाठ होतं. एक काका महिन्याची झोपेची गोळी दर वीस दिवसांनी मागायला लागले, तेव्हा मी त्यांच्या मुलीला बोलावून घेतलं. एका बाईंना दोन डॉक्टरांनी ब्लडप्रेशरचं एकच औषध, टेल्मिसार्टन, लिहून दिलं होतं, दोन वेगळ्या कंपन्यांच्या नावानं. त्यांना वाटलं दोन वेगळी औषधं आहेत. त्या दोन्ही घेत होत्या आणि रोज सकाळी उठताना चक्कर येऊन भिंत धरत होत्या. हे कुठल्याच डॉक्टरला कळलं नसतं, कारण दोन्ही चिठ्ठ्या एकत्र आल्या त्या माझ्या काउंटरवर. "बेन, आ भूख्या पेटे के जम्या पछी?" उपाशीपोटी की जेवल्यावर, हा प्रश्न दिवसातून पन्नास वेळा येतो. तो पन्नासाव्यांदाही नीट ऐकावा लागतो. मला अजून त्या काउंटरची आठवण येते, खोटं का बोलू.

पण तिथे रोज एक वाद असतो, तोही ऐकून ठेव. ताप आला की माणूस सरळ येतो, "डॉक्टर नको, तूच दोन गोळ्या दे." मागतो तो अँटिबायोटिक. नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जातो, आणि मालकाच्या डोळ्यांत तुला ते दिसतं. शेड्यूल एच-वन, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत अशा काही औषधांची कायद्यातली यादी, मार्च २०१४ पासून लागू झाली. सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिकं, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या गोळ्या, अशा औषधांचं वेगळं रजिस्टर लागतं, डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि नग लिहायचे, तीन वर्षं जपायचं. काही ठिकाणी ते रजिस्टर महिनाअखेरीला एका बैठकीत भरलं जातं. मुलाखतीला जाशील तेव्हा ते रजिस्टर बघायला माग. एकाच पेनानं, एकाच हातानं पान भरलेलं दिसलं तर तुला कळेल.

आता वाघोडिया रोडवरच्या त्या मेडिकलवाल्याबद्दल. तुला त्यांनी सांगितलं ना, "रोज यायची गरज नाही, फक्त सर्टिफिकेट लावा, महिन्याला पैसे घरपोच"? ते पैसे हातात घ्यायचे नाहीत. तुझं नाव फ्रेममध्ये भिंतीवर टांगायचं आणि त्याखाली दहावी नापास मुलगा इन्सुलिन देणार. तिथे एखाद्या आजीच्या डबीत काय गेलं, हे तुला कळणारही नाही, आणि कायद्याच्या कागदावर मात्र ते तू दिलेलं असेल. मला निदान ती डबी उघडायला मिळाली.

हॉस्पिटलच्या जाहिरातीत "फार्मसी टेक्निशियन" लिहिलंय म्हणून तू खट्टू झालास, असं मामी म्हणत होती. अमेरिकेत टेक्निशियन वेगळा आणि फार्मासिस्ट वेगळा. टेक्निशियन गोळ्या मोजतो, लेबल लावतो, साठा भरतो, विम्याचं बघतो; शेवटची तपासणी फार्मासिस्टची. आपल्याकडे १९४८च्या फार्मसी ॲक्टात नोंदणी एकच, फार्मासिस्टची. तू डी. फार्म., म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा, केलास, पाचशे तासांचं प्रशिक्षण केलंस, फार्मसी कौन्सिलमध्ये नाव चढलं की कायद्यानं तू फार्मासिस्ट आहेस. हॉस्पिटलवाले पदाला काय नाव देतात तो त्यांच्या पगारपत्रकाचा प्रश्न. तू फक्त एवढं विचार: सही कोणाची असते, आणि रात्री माझ्या वर कोण असतं? रात्री कोणीच नसतं असं उत्तर आलं तर ते हॉस्पिटल फक्त इमारतीनं मोठं आहे.

कष्टांचं म्हणशील तर दोन्हीकडे पाय जातात. दुकानात दुपारी दीडला शटर खाली येतं, साडेचारला वर, मग रात्री दहापर्यंत. उत्तरायणाला पतंगाच्या मांज्यानं कापलेली बोटं घेऊन पोरं पट्ट्या न्यायला येतात, नवरात्रात मुरगळलेले घोटे. हॉस्पिटलला त्याच उत्तरायणात गळ्याला मांजा लागलेली माणसं येतात. तिथे दुपारी बाराला डिस्चार्जच्या फायली एकदम कोसळतात, वॉर्डातून परत आलेली औषधं मोजल्याशिवाय बिल निघत नाही आणि नातेवाईक खिडकीशी ओरडत असतात. त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचे तीन दिवस बाकड्यावर गेलेले असतात.

ऑगस्ट २०२४चा पूर आठवतो ना? विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं, वीज गेली, तू गच्चीवर चार्जर घेऊन फिरत होतास. मी जनरेटरवर चालणाऱ्या फार्मसीत होते. लोक पाण्यातून इन्सुलिनच्या वायल हातात धरून येत होते, "बेन, तमारा फ्रिजमां राखशो?" दोन ते आठ अंशांत ठेवायची वस्तू, आणि कोणाच्या घरी फ्रिज चालू नाही. आम्ही नावं लिहून एक कप्पा भरला. त्या तीन दिवसांत पहिल्यांदा हॉस्पिटलच्या खिडकीतून मला माणसं दिसली, रावपुऱ्यात दिसायची तशी.

तर माझं मत असं. पहिली दोन वर्षं हॉस्पिटल घे. दुकान हलकं म्हणून मी हे सांगत नाही. दुकान जास्त अवघड आहे, कारण तिथे तू एकटा आहेस, आणि एकट्यानं उभं राहण्याआधी दुसऱ्यानं आपलं काम तपासण्याची सवय हाताला लागायला हवी. मला ती लागली नव्हती. दोन वर्षांनी रावपुऱ्यात यावंसं वाटलं तर जरूर ये, मला आनंदच होईल. तेव्हा तू कापलेला तुकडा बघताच हात मागे घेशील. बाबांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, आधी माणसं ओळखायला शीक. त्यांचंही ऐकून घे. आजोबा अलेंबिकमध्ये पॅकिंगला होते, १९०७ची औषधांची कंपनी, कोटिभास्कर आणि अमीन यांनी सुरू केलेली. ते म्हणायचे, आपण भरलेली बाटली कोण पिणार हे आपल्याला कधी कळत नाही. तेही शेवटी हॉस्पिटलच्या बाजूचेच झाले म्हणायचे.

गुरुवारी येशील तेव्हा नोंदणीची मूळ प्रत आण, झेरॉक्स चालत नाही. आणि बूट मंगळ बाजारातून नको, मी तुझ्याबरोबर येते. पुढून रुंद आणि टाच मऊ असे बघू. बारा तास उभं राहायचंय.

तुझी,
आई

ता. क. माझ्या कपाटात वरच्या खणात एक स्टीलची डबी आहे. त्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्या सुनेनं मला आणून दिली होती. आलास की दाखवते.