लेकीला अंगावर घेऊन निघण्याआधी

पंचवटी, नाशिक
मार्गशीर्ष

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

बाळाला घेऊन फिरायच्या कॅरियरचे आणि बॅगेचे तू पाठवलेले चारही फोटो मी मोठे करून नीट बघितले. फोनवर सांगायला गेले की तू ‘हो आई, हो आई’ करतोस, तेवढ्यात आत छकुली उठते आणि बोलणं अर्धं राहतं. म्हणून हे लिहून पार्सलबरोबर पाठवते आहे. बावीस वर्षं मी मशीनवर पिशव्या आणि दप्तरं शिवली. बाळाचं सामान आता नवनवं निघालं असेल, पण पट्टा कुठे उसवतो, चेन कुठे अडकते आणि वजन खांद्यात कुठे रुततं ते बदललेलं नाही.

आधी त्या पाठीवर घ्यायच्या सांगाड्याच्या कॅरियरबद्दल, कारण तुझं मन त्याच्यावरच बसलंय. वस्तू चांगली आहे. कमरेचा पट्टा रुंद आहे, वर सावलीचं छत आहे, खाली सामानाला कप्पा आहे. पण ती आज घ्यायची नाही. अशा कॅरियरमध्ये बाळ स्वतःच्या पाठीच्या बळावर बसतं, त्याला आधार फक्त पट्ट्यांचा. म्हणून आधाराशिवाय नीट बसता यायला लागल्यावर आणि मान पक्की झाल्यावरच त्यात बसवायचं. सहसा सहा महिन्यांच्या आधी नाही, आणि वजनाचा आकडा डब्यावर लिहिलेला असतो तो पाळायचा. छकुली आता तीन महिन्यांची. ती बसायला लागेल तेव्हा चैत्र-वैशाखाचं ऊन असेल, पुढे पाऊस. म्हणजे ही वस्तू तुला खरी लागणार पुढच्या दिवाळीनंतर. तोवर छकुली नऊ-दहा किलोची झालेली असेल, सांगाडाच जवळजवळ तीन किलोचा, वर पाणी आणि सामान. तेवढं वजन पाठीवर घेऊन दुकानात दहा मिनिटं चालून बघ आणि मग पैसे दे.

आत्ता तुला हवं ते मऊ कापडाचं, छातीशी बांधायचं. फोटोतलं राखाडी रंगाचं मला पटलं. त्याची बसायची पट्टी एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत पोचते. दुसऱ्याची पट्टी अरुंद आहे, त्यात पाय खाली लोंबकळतात. मूल कडेवर घेतलं की त्याचे पाय कसे आपोआप फाकतात, गुडघे कुल्ल्यांपेक्षा वर येतात, अगदी तसंच कॅरियरमध्ये दिसलं पाहिजे. लहान बाळाचा खुबा कच्चा असतो, मांड्या सरळ खाली ओढलेल्या राहिल्या तर तो सांध्यातून सरकू शकतो. आम्ही तुम्हा मुलांना दुपट्यात पाय सरळ करून घट्ट गुंडाळायचो. आता डॉक्टर तसं करू नका म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. सूनबाईलाही सांग, गुंडाळायचं तर वरचं अंग, पाय मोकळे.

बांधल्यावर आरशासमोर उभा राहा. मान खाली केलीस की तिच्या टाळूचा पापा घेता आला पाहिजे. तिचा चेहरा सतत दिसला पाहिजे, वर ओढणी किंवा जॅकेटची चेन नको. हनुवटी छातीला टेकलेली नको, खाली तुझी दोन बोटं जावीत एवढी जागा हवी. पाठीला आधार असा हवा की तिच्या पाठीवर हात ठेवलास तर ती आणखी आत दबता कामा नये. इतक्या लहान बाळाची मान पुढे पडली की श्वासनलिका दबते, आणि ते रडूनही सांगू शकत नाही. हे वाचून घाबरू नकोस, पण हे एवढं रोज बघायचं, घाई असली तरी. चेहरा बाहेरच्या दिशेला करून बसवायची हौस पाच-सहा महिन्यांनंतर, तीही थोडाच वेळ.

वाकायचं ते गुडघ्यात, कमरेत नाही. कॅरियरमध्ये बाळ असताना चहाचा ग्लास हातात नको, गॅसपाशी उभं राहणं नको. आणि बाईक मुळीच नको. तू म्हणालास ‘जवळच तर जायचंय’, ते मला आवडलं नाही. चार वर्षांखालच्या मुलांना दुचाकीवर वेगळा सेफ्टी हार्नेस हवा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेटही, वेग चाळीसच्या आत, असा नियम २०२२ मध्ये निघाला आहे. आपली तर अजून हेल्मेटच्या वयाचीही नाही. कॅरियर म्हणजे हार्नेस नव्हे. गाडीतसुद्धा तिला त्यातून काढून तिच्या सीटवर ठेवायचं.

तुला वाटेल आईला हे सगळं आताच सुचतंय. द्राक्षाच्या दिवसांत पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडकडे कामाला येणाऱ्या बाया मी किती वर्षं बघतेय. मांडवाखाली साडीची झोळी, आणि काम संपलं की तेच मूल फडक्यात बांधून अंगावर. पंधरा पट्टे नाहीत की बकलं नाहीत. पण मूल किती घट्ट आहे ते त्यांच्या हाताला कळतं. तुझ्या हाताला कळायला वेळ लागेल, म्हणून आधी घरात, पलंगाशेजारी उभं राहून सराव कर. बाळाऐवजी पाच किलोची तांदळाची पिशवी घेऊन.

आता बॅग. ती आधी निवडायची का कॅरियर, असं तू विचारलंस. कॅरियर आधी. समोर बाळ असेल तर बॅग पाठीवर, दोन पट्ट्यांची, म्हणजे पुढचं-मागचं वजन एकमेकाला सांभाळतं. एका खांद्यावरची लांब पट्ट्याची बॅग तुझ्यासाठी नाही, ती कितीही देखणी असो. तू दीड वर्षाचा असताना आपण वणीला गेलो होतो. गडाच्या पायऱ्यांवर तू हात सोडून पळालास, तुझे बाबा तुला उचलायला वाकले आणि खांद्यावरची शबनम सपकन पुढे येऊन तुझ्या तोंडावर आपटली. आत दुधाची काचेची बाटली होती. ती फुटली, तुझा ओठ फाटला. ती पिशवी मीच शिवलेली. त्या दिवसापासून मी लहान मूल असलेल्या घरासाठी एका पट्ट्याची पिशवी शिवून दिली नाही.

दुकानात गेलास की बॅग उलटी कर. पट्टा जिथे अंगात शिरतो तिथे चौकोन आणि आत फुली अशी शिलाई हवी, नुसती एक सरळ ओळ असेल तर ठेवून दे. निवार पट्टी दोन्ही हातांनी ओढून बघ, बकलातून सरकते का ते बघ. चेनचा रनर एका हातानं, तोही डाव्या, पुढे-मागे कर. दुसऱ्या हातात बाळ असणार आहे. अस्तर फिकं हवं. काळ्या अस्तरात अंधारात काही सापडत नाही, आणि तू तंबूत राहणारा माणूस. रेक्झिन नको, आपल्याकडच्या उन्हात त्याला भेगा पडतात. कप्पे पाच पुरे. तुला दाखवलेल्या बॅगेत अठरा आहेत, त्यात डायपर शोधेपर्यंत पोरगी आभाळ डोक्यावर घेईल.

आणि ती बॅग तू भर. सूनबाईनं भरायची आणि तू वाहायची असं नको. आमच्या घरात तसंच होतं. तुझे बाबा तुला डोंगरावर मजेत न्यायचे, पण झबलं कुठेय, दूध किती वाजता, हे त्यांना दर वेळी मला विचारावं लागायचं. तुझ्यावर त्यांची माया कमी नव्हती, तरी मी सोबत नसताना ते तुला घेऊन कधी निघाले नाहीत. तुला मात्र निघता यावं.

दर दोन-तीन तासांना एक डायपर आणि वर दोन जादा. वाइप्स बाहेरच्या कप्प्यात. कपड्यांचे दोन जोड एकत्र गुंडाळून, कुंची, आणि तुझा एक टी-शर्ट. सहा महिन्यांपर्यंत तिला दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, कितीही ऊन असो. आईचं काढलेलं दूध बाहेर हवा पंचवीस अंशांपर्यंत असेल तर चार तास चालतं, त्याहून गरम असेल तर बर्फाच्या पिशवीबरोबरच ने. थंडी लागतेय का ते मानेमागे हात लावून बघायचं. हातपाय गारच असतात. आणि ती तुझ्या अंगाला चिकटलेली असणार, त्यामुळे एक थर कमी घाल.

वापरलेले डायपर परत आणायचे. ते कुजत नाहीत, आणि गडावर दगडाखाली दडपलेले मी डोळ्यांनी बघितलेत. वेगळी घट्ट पिशवी ने, घरी आल्यावर कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळे दे. अंजनेरीला जाशील तेव्हा बाटली बाजूच्या उघड्या कप्प्यात ठेवू नकोस, माकडं आधी तीच ओढतात.

हरिहर गडाचं मात्र ऐक. तिच्या पहिल्या वाढदिवसाला हरिहर, हे डोक्यातून काढ. त्या पायऱ्या तू चढला आहेस, खोबणीत बोटं रुतवूनच वर जावं लागतं. पाठीवर सांगाडा असला की मूल तुझ्या डोक्याच्याही वर येतं, तोल मागे जातो, दरवाज्यातून वाकताना तिचं डोकं कुठे आहे ते तुला दिसत नाही. रविवारच्या गर्दीत कुणी वरून घसरलं तर तू हात सोडून तिला धरू शकणार नाहीस. ती मोठी झाली की स्वतःच्या पायांनी चढेल.

तिला आधी पांडवलेणीला ने. चढ सोपा आहे, सकाळी लवकर निघालात तर ऊनही नसतं. तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, तुला शाळेतून नेलं होतं. लेणं तिनं भिक्षूंना दान दिलं आणि लेखात स्वतःची ओळख महाराजाची आई आणि महाराजाची आजी अशी करून दिली. मला तिथे छकुलीला घेऊन उभं राहायचंय. त्यानंतर जानेवारीत नांदूर मध्यमेश्वर, पाणथळीचे पक्षी असतात आणि वाट सपाट आहे. रामशेज पुढच्या वर्षी.

पार्सलमध्ये बदलायची गादी आहे, माझ्या दोन जुन्या सुती साड्यांची, खाली प्लास्टिकचं कापड. ओल्या कपड्यांची पिशवी आहे. आणि एक कमरेची छोटी पिशवी, दोन डायपर आणि वाइप्स मावतील एवढी, म्हणजे मोठी बॅग दर वेळी उतरवायला नको. तिच्या पट्ट्याचं टोक मी कापलेलं नाही. तुझ्या कमरेचं माप मला माहीत आहे, पण सूनबाईनंही ती बांधली पाहिजे. येताना दोघांनी घालून या, मग दुमडून पक्की शिलाई मारते.

तुझी,
आई