तीन मशीनवर डॉकर चालू करून देणाऱ्या ताईला थँक यू

ताई,

कॉलवर थँक यू म्हणून झालंय तरी हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण आम्ही जिथे अडकलो तिथे रोज कोणीतरी अडकत असणार, आणि तू जसं समजावलंस तसं समजावणारं माणूस प्रत्येकाला मिळतंच असं नाही.

आमचा प्रोजेक्ट एकच, कोड तोच, कंपोज फाईल (डॉकरने काय काय चालवायचं त्याची यादी) तीच आणि मशीन मात्र तीन तऱ्हेची, माझं विंडोज, दुसऱ्याचा एम सिरीजचा मॅक, तिसरीचं उबुंटू लिनक्स. डॉकर, म्हणजे ॲप त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं सॉफ्टवेअर, घेतलं की कुठेही सेम चालतं असं ऐकून आलेलो आम्ही, आणि तिघांचे एरर एकमेकांशी जुळेनात. एकाचा उपाय दुसऱ्याने करून बघायचा आणि गुंता अजून वाढायचा असं चाललेलं.

माझ्याकडे तर डॉकर डेस्कटॉप उघडायलाच तयार नव्हतं. तू म्हणालीस काही डाउनलोड करू नकोस, आधी टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि खाली व्हर्च्युअलायझेशनसमोर (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवायची सोय) काय लिहिलंय ते वाच. डिसेबल्ड. म्हणजे वरचं सॉफ्टवेअर कितीही वेळा काढून टाकलं आणि परत घातलं तरी उपयोग शून्य. बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन ते ऑन केलं, मग ॲडमिन म्हणून टर्मिनल उघडून डब्ल्यूएसएल डॅश डॅश इन्स्टॉल (डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), रीस्टार्ट, आणि त्यानंतर डॉकर डेस्कटॉप सुरळीत उघडलं. विंडोजची प्रो आवृत्तीच लागते, हायपर-व्ही या विंडोजच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीशिवाय होत नाही असं सांगणाऱ्या जुन्या गाईड वाचून मी आधीच घाबरलेलो होतो. ते सगळं डब्ल्यूएसएल २ यायच्या आधीचं आहे, मे २०२० च्या विंडोज अपडेटपासून होम आवृत्तीवरही चालतं हे तू सांगितलंस तेव्हा जिवात जीव आला.

हॅलो-वर्ल्ड हा चाचणीचा कंटेनर चालला की बहुतेक जण "झालं बघ" म्हणून कॉल ठेवतात. तू ठेवला नाहीस आणि खरं तर इथूनच पुढच्या गोष्टीसाठी मला तुझे आभार मानायचेत. तू तिघांनाही एकच कमांड चालवायला लावलीस, अल्पाइन या छोट्या लिनक्सचा कंटेनर आणि त्यात युनेम डॅश आर, म्हणजे आतून कर्नल, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोणता दिसतो ते. उबुंटूवर तेच व्हर्जन आलं जे कंटेनरच्या बाहेर येतं. माझ्याकडे व्हर्जनच्या शेपटाला चक्क मायक्रोसॉफ्ट आणि डब्ल्यूएसएल२ लिहून आलं. मॅकवर लिनक्सकिट. तिघंही स्क्रीनकडे बघत बसलो आणि मग तू शांतपणे सांगितलंस की कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतो, तो मशीनचाच कर्नल वापरतो, नेमस्पेसने त्याला बाकीच्यांपासून वेगळं ठेवायचं आणि सीग्रुपने मेमरी नि सीपीयूची मर्यादा घालायची, आणि या दोन्ही गोष्टी लिनक्स कर्नलच्या आहेत. त्यामुळे उबुंटूवर डॉकर थेट चालतं आणि विंडोज-मॅकवर आधी एक छोटी लिनक्स व्हर्च्युअल मशीन मागे गुपचूप उभी राहते, आपले कंटेनर तिच्या आत असतात. एवढं एक कळलं आणि पुढचे निम्मे एरर आपोआप समजायला लागले, खरंच.

माझं ॲप एवढं स्लो का याचं उत्तर तर मी स्वतःच दिलं! कोड सी ड्राइव्हमध्ये आणि कंटेनर लिनक्समध्ये, म्हणजे प्रत्येक फाईल वाचायला ती हद्द ओलांडायची. फोल्डर उचलून डब्ल्यूएसएलच्या होममध्ये टाकलं आणि फरक लगेच दिसला, शिवाय फाईल सेव्ह केली की ॲप आपोआप रीलोड होत नव्हतं तेही व्हायला लागलं. डब्ल्यूएसएल मशीनची निम्मी रॅम घेऊ शकतं, लागलं तर डॉट डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाईलमध्ये मर्यादा घालायची, हेही तेव्हाच सांगून ठेवलंस.

मॅकवाल्याची अडचण वेगळीच होती, त्याचा प्रोसेसर आर्मचा आणि आमच्या कंपोज फाईलमध्ये मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस, ज्याची आर्मसाठी इमेजच (कंटेनर ज्यातून बनतो तो साचा) नाही. प्लॅटफॉर्म लिनक्स एएमडी६४ असं लिहून नकली प्रोसेसरवर चालवता येतं हे नेटवर सगळीकडे मिळतं, तूही सांगितलंस, पण आधी विचारलंस की ५.७ खरंच हवंय का? नव्हतं हवं, कोणीतरी कधीतरी लिहिलेलं तसंच राहिलेलं. ८ घेतलं, त्याची आर्म इमेज आहे, विषय संपला.

उबुंटूवालीला वाटलं आपलं सगळ्यात सोपं, आणि होतंही तसं, जुनी पॅकेजं काढून डॉकरच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून इंजिन घातलं की झालं. पण परमिशन डिनाइड आल्यावर तू तिला डॉकर ग्रुपमध्ये टाकण्याआधी थांबवून सांगितलंस की या ग्रुपमधला माणूस म्हणजे त्या मशीनचा रूटच, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजरच समज, स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक, सर्व्हरवर दहादा विचार कर. हे कोणी सांगत नाही गं. ग्रुपमध्ये टाकणारी युजरमॉडची ओळ देतात आणि पुढे जातात. आणि पोर्टचंही तसंच, यूएफडब्ल्यू हा उबुंटूचा फायरवॉल चालू असला तरी डॉकरने उघडलेला पोर्ट त्याला न जुमानता बाहेरून दिसू शकतो, म्हणून डेटाबेसच्या पोर्टआधी १२७.०.०.१ (म्हणजे फक्त त्याच मशीनवरून) लिहायची सवय तू आम्हाला लावलीस. मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, अगदी इन्स्टॉलेशनपेक्षाही.

आणि ती एंट्रीपॉइंटची फाईल, कंटेनर सुरू होताना पहिली चालणारी स्क्रिप्ट! उबुंटू आणि मॅकवर बिल्ड छान, माझ्याकडे कंटेनर सुरू होताच बंद, एरर काय तर नो सच फाईल ऑर डिरेक्टरी. फाईल तर समोर दिसतेय, नाव बरोबर, जागा बरोबर. तू म्हणालीस फाईल दाखवणाऱ्या कॅट कमांडला डॅश कॅपिटल ए लावून बघ, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ते टोपीवालं एम दिसलं. विंडोजच्या गिटने ओळींचा शेवट बदललेला, त्यामुळे पहिल्या ओळीत लिहिलेल्या शेलच्या (स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नावाला एक न दिसणारं अक्षर चिकटलेलं आणि लिनक्स त्या नावाचा शेल शोधत बसलेलं. म्हणजे सापडत नव्हतं ते शेल, एरर मात्र आपल्या फाईलच्या नावाने. तू माझ्या मशीनपुरतं ठीक करून सोडलं नाहीस, गिटॲट्रिब्यूट्स या गिटच्या सेटिंगच्या फाईलमध्ये शेल फाईलसाठी एलएफ, म्हणजे लिनक्सचा ओळीचा शेवट, पक्कं करायला लावलंस, म्हणजे उद्या विंडोजवाला कोणीही आला तरी त्याला हे भूत दिसणार नाही.

तुझ्या आवाजात एकदाही वैताग आला नाही ताई, स्वतःचं काम बाजूला ठेवून बसलेली असतानाही. स्क्रीन शेअर असूनही माझा माउस कधी हातात घेतला नाहीस, मलाच टाइप करायला लावलंस, एरर मोठ्याने वाचायला लावलास. तेव्हा वाटायचं ही पटकन करून का देत नाही, आता कळतंय का ते. परवा नवीन आलेल्या मुलाचं मशीन मी आणि उबुंटूवालीने मिळून लावून दिलं, तुला एकही मेसेज न करता, आणि आम्हीही त्याला आधी युनेम चालवायलाच लावलं.

तू सांगितलेलं सगळं रीडमीमध्ये, प्रोजेक्टच्या माहितीच्या फाईलमध्ये, टाकलंय, विंडोजचं वेगळं, मॅकचं वेगळं, लिनक्सचं वेगळं, प्रत्येक पायरीखाली का ते एका ओळीत. डॉकर डेस्कटॉपच्या लायसन्सचंही लिहिलंय, २५० पेक्षा कमी माणसं आणि वर्षाला १ कोटी डॉलरच्या आत उलाढाल असेल तरच कंपनीत फुकट, म्हणजे ऑफिसच्या मशीनवर टाकणारा आधी विचारून घेईल. वेळ मिळाला की एकदा नजर टाक, काही राहिलं असेल तर सांग. आणि रूट न वापरता डॉकर चालवायचं तू शिकवणार होतीस ते आम्ही विसरलेलो नाही, तुला जमेल तेव्हा, तिघंही तयार आहोत.

तुझेच,
विंडोजवाला, मॅकवाला आणि उबुंटूवाली