नवलेखकांत गेम लिहिणारेही धरा

महोदय,

मी कराडला राहते. कादंबऱ्या स्वतःच छापते आणि अलीकडे मराठीत गोष्टींचे गेमही करते. खेळणाऱ्याने पर्याय निवडायचा, कथा तिकडे वळते. पुस्तकाची वाट बरीच मळलेली आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकालाही फुकट मिळतो, किंडलवर मराठी ई-पुस्तक आपले आपण टाकता येते. (छापील प्रती १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायच्या असतात, हे मात्र मला कुणी सांगितले नव्हते!)

गेममध्ये पहिले भांडण अक्षरांशीच. गोडो या गेम बनवण्याच्या मोफत इंजिनाच्या (सॉफ्टवेअरच्या) जुन्या आवृत्तीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडायची, जोडाक्षरे फुटायची. २०२३ मध्ये गोडो ४ आले आणि देवनागरी नीट दिसू लागली. ट्वाइन या पर्यायी कथा रचण्याच्या साधनाचे गेम ब्राउझरमध्येच चालतात, त्यामुळे तिथे हा त्रास नव्हताच. विकायला स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात. इच डॉट आयओ या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावर तसे शुल्क नाही. विक्रीतला किती वाटा त्यांना द्यायचा, तेही आपणच ठरवतो. माझे गेम तिथेच आहेत. भावकीच्या वाटणीवरचा सर्वाधिक खेळला गेला, यात नवल ते काय!

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देते. त्यात अशी खेळता येणारी कथाही धरावी. हस्तलिखितच हवे असेल, तर सगळ्या फाट्यांसह छापील संहिता देण्याची आमची तयारी आहे.

– एक लेखिका, कराड