स्पॅनिश शीक, पण मराठीतून

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

फ्रेंच, जर्मन, जपानी सोडून मी तुझ्यामागे स्पॅनिशचंच टुमणं का लावलंय, असं तू विचारलंस. फोनवर हे धड सांगता आलं नसतं, म्हणून पत्रच लिहितोय. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

आधी एक स्पष्ट सांगतो. तुझं जर्मनीत नोकरीला जायचं नक्की असेल तर मुकाट्यानं जर्मन शीक आणि हे पत्र बाजूला ठेव. पण तसं काहीच ठरलेलं नसेल आणि एखादीच परकी भाषा शिकण्याइतकी सवड असेल, तर मी डोळे झाकून स्पॅनिश म्हणेन.

पहिलं कारण सगळेच सांगतात, ते भराभर उरकतो. स्पॅनिश २० देशांची अधिकृत भाषा आहे. मातृभाषा म्हणून ती बोलणारे ५० कोटींच्या आसपास आहेत. त्याबाबतीत तिच्यापुढे फक्त चिनी. स्पेन यातला छोटासा भाग. त्याची लोकसंख्या ५ कोटींच्या आत, तर एकट्या मेक्सिकोची १३ कोटींच्या घरात. तिथून खाली चिली-अर्जेंटिनापर्यंत ब्राझील आणि काही छोटे देश सोडले तर हीच भाषा चालते, आणि आफ्रिकेत इक्वेटोरियल गिनीतही. अमेरिकेत घरी स्पॅनिश बोलणारे ४ कोटींहून जास्त आहेत, त्यामुळे तिथली रुग्णालयं आणि कोर्टकचेऱ्या यांना दुभाषे सतत लागतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांतली ही एक. म्हणजे एकदा घाम गाळायचा आणि वीस दारं उघडायची. शिवाय स्पॅनिश बरी आली की पोर्तुगीज वर्तमानपत्रातल्या बातमीचा रोख कळायला लागतो, इटालियनही फार परकी वाटत नाही.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या यादीत स्पॅनिश सगळ्यात सोप्या गटात आहे, साधारण ६०० ते ७५० तासांच्या वर्गांत कामापुरती येते असा त्यांचा हिशेब. हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा. आपली पाठ्यपुस्तकंही बहुतेक त्यांच्यासाठीच लिहिलेली असतात, आणि तिथेच आपण फसतो. जे आपल्याला जन्मापासून येतं, ते इंग्रजीच्या वळशानं अवघड करून शिकतो.

उदाहरणं देतो. 'मला पुस्तक आवडतं' हे स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल लिब्रो'. पुस्तकं अनेक झाली की 'मे गुस्तान लोस लिब्रोस', म्हणजे आपलं 'आवडतात'. ज्याला आवडतं त्या माणसाप्रमाणे नाही, जी आवडते त्या वस्तूप्रमाणे क्रियापद बदलतं. इंग्रजी पुस्तकं यावर पानंच्या पानं खर्च करतात. तुला मात्र त्यात समजून घ्यायचं काहीच नाही, वाक्य तुझ्या तोंडात आधीपासून आहे.

पुढचं बघ. 'मी पुस्तक बघतो' पण 'मी मारियाला बघतो'. वस्तूला प्रत्यय नाही, माणसाला 'ला' लागतो. स्पॅनिशमध्येही 'बेओ एल लिब्रो', पण 'बेओ आ मारिया'. हा मधला 'आ' विसरणारे इंग्रजी भाषक वर्षानुवर्षं विसरतच राहतात. भूतकाळाचंही तेच. 'काल नदीवर गेलो' आणि 'लहानपणी नदीवर जायचो' यांतला फरक तुला कुणी शिकवला होता का? स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'फुई', दुसऱ्याला 'इबा'. वर्गात या दोन भूतकाळांवर आठवडे जातात.

आणि ज्याला सगळे घाबरतात तो सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणारं क्रियापदाचं वेगळं रूप! 'तो येतो' म्हणजे 'बिएने'. पण 'त्यानं यावं असं मला वाटतं' म्हटलं की 'बिएने'चं 'बेंगा' होतं. अरे, आपण 'येतो' आणि 'यावं' असे दोन वेगळे शब्द वापरतोच की! 'पाऊस पडो' या आपल्या 'पडो'लाही तिथे जागा आहे: 'ओहाला युएबा'. मला वर्गात नियमांचा तक्ता पाठ करायला लावला होता. मी तो बाजूला सारून प्रत्येक वाक्य आधी मराठीत म्हणून बघायला लागलो, आणि गाडी रुळावर आली. सगळीकडे हे तंतोतंत जुळतं असं नाही, पण अर्धं ओझं उतरतं.

उच्चाराचंही सुख आहे. त आणि द आपल्यासारखेच दंत्य. स्वर पाचच, आणि ते बदलत नाहीत. लिहिलंय तसं वाचायचं, 'एच' मात्र उच्चारायचा नाही. आठवडाभरात अर्थ न कळताही मोठ्यानं वाचता येईल. त्रास होईल तो दुहेरी 'र'चा. एका 'र'चा 'पेरो' म्हणजे 'पण', आणि तोच 'र' जीभ थरथरवून म्हटला की 'कुत्रा'. तू हसशील, पण हा घोळ रोज होतो.

आता कडू गोळी. ही माणसं भरधाव बोलतात. क्युबन किंवा चिलीतला माणूस शेवटचा 'स' गिळून बोलायला लागला की वर्षभर शिकलेलं पाण्यात गेल्यासारखं वाटतं. आमच्या कामाच्या मीटिंगमध्ये मेक्सिकोची बाई बसगाडीला 'कामियोन' म्हणते, अर्जेंटिनाचा माणूस 'कोलेक्तिवो' म्हणतो, आणि स्पेनमधल्याला 'कामियोन' म्हणजे ट्रक वाटतो. 'तू' आणि 'तुम्ही'चंही तसंच. 'तू'ला 'तू'च म्हणतात, आदरार्थी 'उस्तेद'. पण कोलंबियाच्या काही भागांत नवराबायकोही एकमेकांना 'उस्तेद' म्हणतात, आणि अर्जेंटिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतो. सुरुवातीला कोणत्या तरी एका देशाची धाटणी पकड. मी मेक्सिकोची सुचवेन, ऐकायला-बघायला भरपूर मिळतं.

नोकरीबद्दल विचारलंस. भाषा एकटीनं पोट भरत नाही. हिशेब, सॉफ्टवेअर, औषधं, प्रवास, यांतलं काहीतरी हातात असेल आणि जोडीला भाषा असेल तरच भाव मिळतो. तुला हिशेब येतोच, म्हणून तर मी तुझ्या मागे लागलोय. परीक्षा 'देले'ची दे, स्पॅनिश किती येतं याचं प्रमाणपत्र देणारी. इन्स्टिट्यूटो सर्व्हान्टेस ही स्पॅनिशचा प्रसार करणारी स्पेनची सरकारी संस्था ती स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीनं घेते, ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पातळ्या असतात आणि प्रमाणपत्राला मुदत नसते. कामासाठी बी-२ चं लक्ष्य ठेव. ए-१ वर कुणी नोकरी देत नाही, पण तेवढ्यासाठी परीक्षा चुकवू नकोस, अंगातली भीती जाते.

दुसरी भाषा शिकल्यानं मेंदू तल्लख राहतो, विसरभोळेपणा उशिरा येतो, असं लोक छातीठोकपणे सांगतात. तज्ज्ञांचंच त्यावर एकमत नाही, म्हणून ते आमिष मी तुला दाखवत नाही.

सुरुवातीला क्रियापदांचा तक्ता घेऊन बसू नकोस. रोज अर्धा तास ऐक आणि पाच वाक्यं मोठ्यानं म्हण, आधी मराठीत, मग स्पॅनिशमध्ये. महिनाभरानं मला स्पॅनिशमध्ये चार ओळी पाठव. चुका लाल शाईनं दाखवीन, आणि तू रागावशील हेही माहीत आहे.

वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
निखिल