मोहोळ साहेब, जमिनीवरच घासणाऱ्या विमानांचंही जरा बघा

मा. मुरलीधर मोहोळ साहेब,
नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

साहेब, विमान अपघात म्हटलं की आपल्याला आकाशातून कोसळलेलं विमानच आठवतं, पण मी लिहितोय ते टॅक्सी करताना, म्हणजे पार्किंगपासून रनवेपर्यंत जाता-येता छोटी विमानं एकमेकांना घासतात त्याबद्दल. माझी भाची पायलट व्हायला शिकतेय. तिच्या फ्लाइंग स्कूलमध्ये वळणाऱ्या एका सेसनाचा, म्हणजे शिकवायच्या छोट्या विमानाचा, डावा पंख उभ्या विमानाला लागला. टोकाचा लाल दिवा फुटला, कव्हर चिरलं, सुदैवाने कुणाला काही झालं नाही. विमान हँगरमध्ये गेलं आणि पोरांना सांगितलं, लक्ष ठेवत जा. बस्स, विषय संपला! टॅक्सी करताना जिच्यावरून जायचं ती पिवळी लाइन उभ्या विमानाच्या किती जवळून जात होती, पंखाकडे बघायला खाली कुणी उभं होतं का, हे कुणी विचारलंच नाही.

आता सेसना १७२ घ्या, पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर, आणि शिकणारं पोरगं मधे बसून अंदाज घेणार. जमिनीवर विमान पायातल्या पेडलने वळतं, नवीन पोरं गाडीच्या सवयीने हातातलं चाक फिरवतात, त्यात चालत्या विमानात चेकलिस्ट वाचायला मान खाली गेली की संपलंच. आणि त्याच पंखात पेट्रोलची टाकी असते. प्रोपेलर कशाला लागला तर अख्खं इंजिन उघडून तपासावं लागतं, आणि तिथे मेकॅनिक उभा असेल तर बोलायलाच नको.

पण आंतरराष्ट्रीय व्याख्येत कुणी जखमी नसेल आणि फक्त पंखाचं टोक किंवा प्रोपेलर मोडला असेल तर तो ‘अपघात’ धरत नाहीत, नुसती ‘घटना’. मग ती फाइलीत जाते आणि शेजारच्या जिल्ह्यातलं स्कूल तीच चूक परत करतं. माझं सगळं म्हणणं इथेच आहे.

८ ऑक्टोबर २००१ ला इटलीत मिलानच्या लिनाते विमानतळावर दाट धुक्यात एक छोटं सेसना जेट चुकीच्या टॅक्सीवेने थेट रनवेवर आलं आणि उडण्यासाठी रनवेवर धावणाऱ्या मोठ्या विमानाने त्याला धडक दिली, ११८ माणसं गेली. जमिनीवरचा रडार बंद होता, खुणा आणि बोर्ड धड नव्हते. आपलं नाशिकचं ओझर विमानतळ निफाड तालुक्यात आहे साहेब, थंडीत द्राक्षबागांवर सकाळी काय धुकं उतरतं ते इथल्या कुणालाही विचारा. त्यात २०२७ चा सिंहस्थ, ओझरला, शिर्डीला चार्टर विमानांची रांग लागणार, म्हणजे जागा कमी आणि घाई जास्त.

म्हणून मागणी एकच. देशातल्या प्रत्येक फ्लाइंग स्कूलमधल्या आणि छोट्या विमानतळावरच्या अशा धडका, अगदी दिवा फुटला तरी, डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, दर तीन महिन्यांनी वेबसाइटवर टाकाव्यात, शिकणाऱ्याचं नाव न घेता, नाहीतर पोरं घाबरून लपवतील. काय झालं, का झालं, नंतर काय बदललं एवढं पुरे. आणि हे हिंदी-मराठीतही हवं, कारण विमान ढकलणारा, हाताने खुणा करणारा माणूस आपल्याच गावचा असतो, त्याच्यापर्यंत इंग्रजी सर्क्युलर पोचत नाही. सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आत पहिली यादी यावी, आणि येणार असेल तर कधी, ते जाहीर सांगा.

आपला,
एक नाशिककर मामा