बार्सिलोनाजवळचा तो उभा ट्रॅक वाचवायला हवा

मा. संपादक,

मोटर रेसिंगच्या इतिहासावर लिहिताना ब्रुकलँड्स, मोन्झा या जुन्या ट्रॅकचं नाव निघतंच पण स्पेनमधल्या सिट्जेसजवळच्या टेरामार ट्रॅकबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून हे पत्र. १९२३ साली जेमतेम ३०० दिवसांत बांधलेला हा २ किलोमीटरचा काँक्रीटचा ओव्हल (लंबगोल ट्रॅक), आणि त्याची वळणं इतकी उभी की खालून बघितलं तर रस्ता नाही, भिंतच वाटते. पहिल्याच ग्रां प्रीत (मोठ्या रेसमध्ये) सनबीम गाडी चालवणारा आल्बेर दिव्हो जिंकला, मिलर गाडीतला झ्बोरोव्स्की दुसरा आला. पण बांधकामाचे पैसे थकलेले, त्यामुळे कंत्राटदारांनी तिकिटांची कमाईच जप्त करून घेतली आणि ड्रायव्हरना बक्षिसाची रक्कम मिळाली नाही, मग मोठ्या रेस तिथं परत येणार कशा? शिवाय सरळ रस्त्यावरून वळणात शिरताना आणि बाहेर पडताना चढ नीट जुळत नव्हता, ही डिझाइनमधली चूक मला सगळ्यात जास्त खटकते.

पुढे तिथं चक्क कोंबड्या पाळल्या गेल्या. तरी काँक्रीट टिकलं. फोटोत सांध्यासांध्यातून गवत वर आलेलं दिसतं, पण वळणाचा आकार अजून तसाच आहे. २०१२ मध्ये कार्लोस साइंझ (रॅली ड्रायव्हर, फॉर्म्युला वनमधल्या साइंझचे वडील) यांनी त्यावर ऑडी पळवून दाखवली तेव्हा अंगावर काटा आला. नुसतं पडीक म्हणून सोडू नका, निदान ते गवत काढा, सांधे बुजवा, आणि लोकांना जवळून बघू द्या.

– एक वाचक