घोडशीर दुखते तेव्हा इंजेक्शनची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातकापणी आटोपली की आमच्या खानापूर तालुक्यात पहाटे पाचला रस्त्यारस्त्यावर पोरं पळताना दिसतात. १६०० मीटरची तयारी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे भरतीची ओढ इथल्या घराघरांत आहे. मीही त्याच पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि आता सकाळी या पोरांबरोबर मैदानावर उभा असतो. दिवाळीनंतर त्यांतला एक जण मला म्हणाला, "काका, टाचेच्या वर लई दुखतंय. उद्या इंजेक्शन मारून घेतो, परवापासून पळतो." मी त्याला थांबवलं. का थांबवलं, ते बाकीच्या पोरांच्या आईबापांनाही कळावं म्हणून हे पत्र.

पोटरीपासून टाचेच्या हाडापर्यंत उतरणारी जाड दोरी हाताला लागते, तिला आमची आजी घोडशीर म्हणायची. नावात शीर असली तरी तिच्यातून रक्त वाहत नाही. डॉक्टर तिला कंडरा म्हणतात. पोटरीचा जोर टाचेपर्यंत पोचवायचं काम तिचं. पळणं एकदम वाढवलं, चढावर पळायला लागलं, पातळ तळाचे बूट घातले की तिच्यावर ताकदीबाहेरचा ताण पडतो आणि तिचे तंतू विस्कटू लागतात. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावलं टाकताना टाचेची मागची बाजू आखडलेली असते, चाललं की मोकळी होते. पळताना सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की थांबतं आणि रात्री परत ठणकतं. मधेच थांबतं म्हणूनच पोरं फसतात. टाचेच्या वर दोन-तीन बोटांवर चिमटीत धरून दाबा, दुखरी जागा जाड लागते.

मला हे सगळं तीन वर्षांपूर्वी, वयाच्या साठीनंतर झालं. आधी तेल चोळलं, शेकलं. मग एका दवाखान्यात दुखऱ्या जागेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. चार दिवसांत दुखणं गेलं, मी खूश. त्याच महिन्यात लघवीच्या त्रासासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकच्या गोळ्याही चालू होत्या. तिसऱ्या आठवड्यात शेताचा बांध ओलांडताना मागून कोणी तरी काठी हाणल्यासारखं झालं. आवाजही आला. वळून बघितलं तर मागे कोणी नव्हतं. घोडशीर तुटली होती.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. बोटं हलत होती, लंगडत का होईना चालता येत होतं, म्हणून पहिल्या ठिकाणी "मुरगळलंय" म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. नऊ दिवस वाया गेले. बेळगावच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी मला पालथं झोपवलं, पावलं पलंगाबाहेर काढायला लावली आणि पोटरी दाबली. चांगल्या पायाचं पाऊल खाली झुकलं, दुसरं जागचं हललं नाही. अर्ध्या मिनिटाची तपासणी! नंतर पाऊल खाली झुकवून प्लास्टर, मग टाचेखाली उंची दिलेला बूट. नीट चालायला सहा महिने लागले. इंजेक्शनने तुटली की गोळ्यांनी, हे सांगता येत नाही, असं ते म्हणाले. पण घोडशिरेत स्टेरॉइड टाळावं हे त्यांनी बजावलं. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीच्या औषधांवर तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ सालीच कंडरा तुटण्याचा सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. साठीपुढच्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना धोका जास्त. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत; पण त्या चालू असताना टाच दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावं.

मग त्या पोराला काय सांगितलं? आधी फिजिओथेरपिस्टकडे नेलं. पळणं कमी करायला लावलं, पूर्ण बंद नाही. बिछान्यात पडून कंडरा आणखी कमजोर होते. व्यायाम पायरीवरचा. चवड्यांवर उभं राहून दोन्ही पायांनी वर जायचं, भार दुखऱ्या पायावर घ्यायचा आणि टाच सावकाश पायरीखाली उतरवायची. १५ वेळा, असे तीन फेरे. एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा थोडा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ साली ही पद्धत मांडली. थोडं दुखलं तरी चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आखडणं वाढलं तर भार जास्त झाला समजायचं. दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली न नेता व्यायाम सपाट जमिनीवरच करावा. पोराला १२ आठवडे ऐकून रडू आलं, कारण भरतीच्या वयाची मर्यादा त्याच्या डोक्यावर आहे. मला त्याचं दुःख कळतं. पण तुटलेल्या शिरेने तर एकही भरती होत नाही.

घरातलीही एक गोष्ट लिहितो. आमच्या मंडळींचा आतला घोटा वर्षभर सुजत होता. वात आहे, लावणीच्या चिखलात उभं राहून झालंय, असं आम्ही सगळेच म्हणत होतो. तिच्या चपलेची आतली कड झिजलेली मला रोज दिसत होती, अर्थ कळला नाही. घोट्याच्या आतल्या बाजूने जाऊन तळपायाची कमान उचलून धरणारी दुसरी एक कंडरा असते; ती ढिली पडली की पाऊल सपाट होतं. त्या एका पायाच्या चवड्यावर उभी राहा म्हटलं तर तिला टाच उचलता येईना. चाळिशीपुढच्या बायकांत, मधुमेह किंवा वजन असेल तर जास्तच, हे होतं. लवकर कळलं तर कमानीला आधार देणारा चपलेतला तळवा आणि व्यायाम यांवर भागतं. पाऊल ताठ सपाट झाल्यावर शस्त्रक्रियेची वेळ येते. तिचं थोडक्यात निभावलं.

तिला व्यायामाचा जो कागद मिळाला तो कन्नड आणि इंग्रजीत होता. ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. मी ओळ न् ओळ वाचून दाखवली म्हणून तिने व्यायाम केले. वाचून दाखवणारं कोणी घरात नाही तिथे तो कागद देव्हाऱ्याच्या फळीवर पडून राहत असणार. सीमाभागातल्या दवाखान्यांनी कन्नडबरोबर मराठीतही असे कागद द्यावेत, ही हात जोडून विनंती. आणि तोवर आपल्या आरोग्याच्या पानावर एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून पायरीचा हा व्यायाम चित्रांसकट छापावा. मी तो कापून मैदानावरच्या खोलीच्या दारावर चिकटवीन.

आपला,
एक निवृत्त हवालदार,
ता. खानापूर, जि. बेळगाव